झोप नव्हे, गुंगी

"डॉक्टर, तिला जरा जास्त झालीय. हॉटेलवर नेऊन झोपवतो," तो तरुण म्हणाला. तोवर त्याने तिच्या काखेत हात घातलाही होता.

भर दुपारची वेळ, मालवणातलं आमचं छोटं हॉस्पिटल. टेबलावर रेणुका. कोल्हापूरहून एकटी फिरायला आलेली. हाका मारल्या, डोळे उघडेनात. श्वास अगदी संथ. तोंडाला दारूचा वास मात्र नव्हता.

तिला रिक्षात घालून आणलं होतं सुलभाकाकींनी; हा 'मी तिचा मित्र' म्हणत मागोमाग आला होता. त्यांच्याच होमस्टेमध्ये ती उतरली होती.

"डॉक्टरांनू, ह्या चेडवान दारूचो थेंब घेवक नाय. ह्येना किनाऱ्यार तिका सरबत दिल्यान, आणि चेडू थंयच आडवा झाला." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "तुझी मैत्रीण मा? मगे तिचा आडनाव सांग बघुया."

आडनाव सांगायचं सोडून तो तिला उठवून बसवायला लागला.

माझा संशय सिडेटिव्हवर गेला. म्हणजे मेंदू आणि श्वास मंदावणारं औषध. पार्ट्यांत काहीजण मजा म्हणून घेतात, काही नालायक दुसऱ्याच्या ग्लासात टाकतात. यातल्या काहींना उताराच नाही. औषध अंगातून निघून जाईपर्यंत पेशंटचा श्वास चालू ठेवायचा. ते जातंही लवकर, आणि त्याच्याबरोबर पुरावा जातो.

"मी तिला घेऊन जातोय," तो आवाज चढवून म्हणाला.

"ही पोलीस केस आहे. ती कुठेही जाणार नाही." मी वॉर्डबॉयला पोलिसांना फोन लावायला सांगितलं.

तेवढ्यात मॉनिटर कोकलला. ऑक्सिजन घसरत होता. मी तिचा जबडा वर उचलून धरला, सिस्टरने मास्क लावून अँबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबायला घेतली. माझे हात भरून आले. हळूहळू आकडा वर चढला. रक्त-लघवीचे नमुने घेतले, तोवर आलेल्या हवालदारांसमोर सील केले. तो दाराकडे सरकला होता. दारात काकी पदर खोचून उभ्या. हवालदारांनी त्याच्या सॅकमधून छोटी बाटली काढली.

संध्याकाळी रेणुकाने डोळे उघडले. "मी कुठंय?"

"हयच आसस गो, माझ्या बाजूक," काकी म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

नमुन्यांत आणि बाटलीत एकच सिडेटिव्ह निघालं. रेणुकाने कोर्टात न अडखळता साक्ष दिली. त्याला शिक्षा झाली. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये पेढे पुरले नाहीत.

मी नव्या डॉक्टरांना एवढंच सांगते: पेशंटला 'झोपू द्या' असा कोणी फार आग्रह धरला, तर आधी पेशंटचा श्वास बघा. मग आग्रह करणाऱ्याची चौकशी करा.