उसाकडचा कॉर्नर

आमच्या डिंगोरे गावात वादात गेणभाऊला हरवणारा माणूस नव्हता, आणि त्याचं कारण त्याची अक्कल नसून त्याची पिठाची गिरणी होती. दिवसभर पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय, तो आवाज मैदानावर आला तरी खाली येत नसे. भुवयांवर पीठ, कानांच्या पाळ्यांवर पीठ. उतरत्या उन्हात समोरून चालत आला की माणूस अर्धा पुसल्यासारखा दिसायचा. मी त्याचा शेजारी आणि लहानपणापासूनचा सोबती, म्हणून हे मोकळेपणानं सांगतोय.

आमच्या गावाला फुटबॉलचं वेड लावलं ते बदलून आलेल्या एका मास्तरांनी. मास्तर बदलून गेले, वेड राहिलं. शाळेमागचं मैदान, फक्कीच्या रेषा, गोलाला मासे धरायची जुनी जाळी, आणि कोपऱ्यांवर झेंड्याऐवजी उसाचं कांडं रोवून त्याला चिंधी बांधलेली. तीन कोपरे मोकळे होते. चौथा चिमाजीच्या उसाला खेटून होता, इतका की कॉर्नर मारणाऱ्याच्या पाठीला पाती लागायची.

सामना संपला की आम्ही सगळे रस्त्याच्या मोरीवर बसायचो आणि खरा सामना तिथे सुरू व्हायचा. कोण जीव तोडून खेळला, कुणी नुसत्या पाट्या टाकल्या, कुणाचा कॉर्नर पहिल्या खांबापर्यंतसुद्धा पोचला नाही. खेळाडू बिचारे चिखलाच्या पायांनी समोर बसून ऐकायचे. शेवटचा शब्द गेणभाऊचा.

त्याचा धाकटा भाऊ सयाजी आमचे कॉर्नर मारायचा. पोरगा गुणी, पण बोलणं अगदी हळू. घरात गिरणी आणि गेणभाऊ असल्यावर दुसऱ्या कुणाचा आवाज वाढणार तरी कुठे? तो काही सांगायला लागला की गेणभाऊ त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायचा आणि बहुतेक वेळा चुकीचं करायचा. सयाजी हसून गप्प बसायचा.

शहाण्णव साली ओतूरकरांशी सामना होता. बरोबरी चालली होती आणि वेळ संपत आली होती. उसाकडच्या बाजूला आम्हाला कॉर्नर मिळाला. चेंडू उसात गेला होता, तो आणायला सयाजी आत शिरला. बाहेर आला तेव्हा वाकून पोटरी चोळत होता. पात लागली असेल, असं म्हणाला. मग त्यानं चेंडू ठेवला, एकदा गोलाकडे पाहिलं आणि मारला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला, गोलकीपरच्या मागे वळला आणि लांबच्या खांबाजवळून थेट जाळ्यात पडला. कुणाचाही पाय न लागता गोल. असं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

मोरीवर साहजिकच तोच विषय. गेणभाऊनं ठणकावून सांगितलं, की हा वाऱ्याचा गोल. पोरानं मध्ये टाकायला मारला आणि वाऱ्यानं नेला. दोघातिघांनी सयाजीची बाजू घेऊन पाहिली, पण त्या आवाजापुढे टिकले नाहीत. सयाजी शेजारीच बसला होता. त्यानं मान वर केली, ओठ हलवले, पण शब्द आला नाही.

"बघा राव," गेणभाऊ म्हणाला, "सोताची बाजू बी मांडता येईना गड्याला. वारंच व्हतं ते."

आम्ही सगळे हसलो. सयाजीच्या पापण्या जड झाल्या होत्या. त्यानं डोकं गेणभाऊच्या खांद्यावर टेकलं. दमलाय, असं वाटलं. वाद गोलकीपरवर गेला, मग पंचावर. निघायच्या वेळी गेणभाऊनं खांदा हलवला आणि सयाजी तसाच बाजूला कलंडला. पोटरीवरचा चिखल पुसला तेव्हा खाली सापाच्या दातांचे दोन टोचे होते. जीप जुन्नरला पोचली. सयाजी पोचला नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, पिंडाला शिवेनात. गेणभाऊ हात जोडून एकेक गोष्ट बोलत गेला. आईला बघीन, तुझी जमीन कुणाला देणार नाही, तुझ्या बैलाला विकणार नाही. ऊन तापलं, लोक कुजबुजायला लागले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला आणि आम्ही खाली मान घालून परतलो.

मला असल्या गोष्टींची मनापासून चीड आहे. त्यांच्या आईला, साळूमावशीला, मी तोंडावर म्हणालो की कावळ्यांची पोटं भरलेली असतील. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, की त्याला काहीतरी सांगायचं राहिलंय. पुढच्या वर्षी पितृपक्षात तिनं मला मुद्दाम बोलावलं. अपघातानं गेलेल्यांची चतुर्दशी होती. बापही अपघातानंच गेलेला, म्हणून त्याचं पान आणि सयाजीचं पान पडवीच्या कौलांवर शेजारी शेजारी ठेवलं होतं. कावळा आला. बापाच्या पानावरचा वडा खाल्ला, खीर खाल्ली. मग उड्या मारत सयाजीच्या पानाकडे गेला, चोच खाली नेली, आणि कुणी हुसकावल्यासारखा मागे उडाला. पुन्हा आला, पुन्हा तसंच. वारा नव्हता, अंगणात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी चहा न घेता घरी गेलो.

दरवर्षी हेच. गेणभाऊनं काय काय केलं नाही! सयाजीचं लग्न राहिलं होतं म्हणून रुईच्या झाडाशी लग्न लावलं. त्याचे बूट धुऊन पानाशेजारी ठेवले. पान तसंच राहायचं आणि साळूमावशी ते तिन्हीसांजेला नदीत सोडायची.

मैदानावरही काहीतरी बिघडलं होतं. उसाकडच्या कोपऱ्यातून मारलेला चेंडू कधी गोलाकडे जाईनाच. कुणीही मारो, तो बाहेरच वळायचा. पोरं त्या बाजूला जाताना काठीनं पाती बडवायची आणि पाठ उसाकडे करायला नको म्हणायची. गेणभाऊ सामन्यांना यायचा, पण मोरीवर बसत नसे. बाजूला उभा राहायचा, तोंडातून चकार शब्द नाही. फक्त सामना संपला की दोन्ही संघांच्या पोरांसमोरून चालत जायचा, प्रत्येकाच्या पापण्या निरखायचा आणि हळूच म्हणायचा, "नाव सांग." पाहुणी पोरं त्या पांढऱ्या भुवयांच्या माणसाला बिचकून नाव सांगायची. पापणी जड नाही ना, जीभ अडखळत नाही ना, एवढंच त्याला बघायचं असे. मला त्याच्याकडे बघवत नसे.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एकदा नेमकं त्याच चतुर्दशीला जुन्नरच्या पोरांशी सामना ठरला. सकाळी पानं ठेवली होती, बापाचं संपलं होतं, सयाजीचं तसंच होतं. गेणभाऊ ते तसंच सोडून मैदानावर आला.

जुन्नरच्या संघात अंकित नावाचा मुलगा होता, कापडवाल्या पोपटलालशेठचा. त्यांना उसाकडचा कॉर्नर मिळाला. आमची पोरं निवांत उभी राहिली, कारण त्या कोपऱ्यातून काही येत नाही हे त्यांना माहीत होतं. अंकितनं चेंडू ठेवला. मारण्याआधी त्यानं एकदा मागे वळून उसाकडे पाहिलं. मग मारला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला, गोलकीपरच्या मागे वळला आणि लांबच्या खांबाजवळून जाळ्यात पडला. मैदानावर कुणी ओरडलंसुद्धा नाही. मी नकळत उसाकडे पाहिलं, हे कबूल करतो.

मोरीवर मात्र आमच्या लोकांना कंठ फुटला. वाऱ्याचा गोल, सगळे एका सुरात. अंकित म्हणाला की मुद्दाम मारला. लोक हसले. तो पुन्हा काही म्हणायला गेला, पण हसण्यात त्याचा आवाज बुडाला आणि त्याचे नुसते ओठ हलताना दिसले.

बाजूला उभा असलेला गेणभाऊ पुढे आला. एवढ्या वर्षांनी त्याचा गिरणीचा आवाज निघाला.

"गप बसा समदी. त्याला बोलू द्या."

अंकितनं सांगितलं की तो मध्येच टाकणार होता. पण त्याला मागून कुणीतरी म्हणालं, गोलकीपर पुढे आलाय, लांबच्या खांबावर मार. त्यानं पाहिलं तर खरंच पुढे आला होता.

"तुमच्यापैकीच कुणीतरी असेल ना?" तो म्हणाला. "उसात उभं होतं कुणीतरी. आवाज हळू होता, जीभ जड झाल्यासारखा."

आमच्यापैकी उसात कुणीच नव्हतं. कुणी जातच नसे. गेणभाऊनं अंकितच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो वळला आणि घराकडे चालू लागला. त्याला एकटं सोडवेना, म्हणून मी मागे गेलो.

ऊन कौलांवरून निघायच्या बेतात होतं. पान सकाळी होतं तसंच होतं, खिरीवर साय धरलेली. कावळा कडेला बसला होता. साळूमावशी दारात उभी होती. गेणभाऊनं अंगणात उभं राहून वर पाहिलं. एवढा दांडगा आवाज असलेला माणूस, पण आता त्याला ऐकायला मला जवळ सरकावं लागलं.

"सयाजी, गोलकीपर फुडं आला व्हता. तू बघून मारला व्हतास. वारं नव्हतं बाबा. तुजंच खरं व्हतं."

कावळा उतरला. त्यानं आधी वडा उचलला, मग भात, मग खीर. मागे उडाला नाही, इकडे तिकडे पाहिलंही नाही. साळूमावशीनं पदर तोंडाला लावला. आम्ही इतकी वर्षं त्याला लग्न देत होतो, जमीन देत होतो, बूट देत होतो. त्याला एवढंच हवं होतं.

पान पुसलं गेलं तरी गेणभाऊ थांबला नाही. कौलांकडे बघत तो शहाण्णव सालचा सगळा सामना पहिल्यापासून सांगू लागला, कोण कुठे उभा होता, चेंडू कसा वळला, आणि प्रत्येक वेळी बाजू सयाजीची घेत होता. मधे मधे तो थांबत होता. समोरचा बोलत असताना आपण थांबतो, तसा.