कॉलरच्या आतलं लेबल

कॅम्प तीनमधल्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात त्याचं काम एकच: इथे शिवलेल्या पँटला परदेशी लेबल लावायचं. तोंडात टाचणी धरूनही तो अखंड बोलायचा आणि दर वाक्यामागे ‘काय समजला?’ विचारायचा. समजलं म्हटल्याशिवाय सुटका नसायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याला एचआयव्ही निघाला. त्याने फक्त मला सांगितलं आणि बजावलं, “माझं नाव कुठं घ्यायचं नाय.” अजून घेत नाही.

पुढे तो विसरायला लागला. जेवण झाल्यावर डबा शोधायचा. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, “या विषाणूचे प्रकार असतात. परदेशातल्या प्रकारात विसरणं जास्त दिसतं. आपल्याकडचा वेगळा आहे. तो मेंदूला किती त्रास देतो, ते अजून नक्की ठाऊक नाही.”

शेवटचं वाक्य त्याने ऐकलंच नाही. “म्हणजे माझा लोकल माल! जिंदगीभर लोकलला फॉरेन बनवत बसलो, आज लोकलचा फायदा झाला. काय समजला?” त्या खुशीत तो डॉक्टरांच्याच चपला घालून निघाला.

काही दिवसांनी तो स्वतःच्या शर्टाच्या कॉलरला आतून पांढरी पट्टी शिवताना दिसला.

“हे काय?”

“पत्ता. हरवलो तर कोण तरी आणून सोडेल.”

“अरे, तुझा तर लोकल माल ना?”

“लोकल मालाला गॅरंटी नसते, यार. काय समजला?”

पट्टीवर नाव नव्हतं. नुसता पत्ता होता, बदलापूरच्या शिरगावातला. माझ्या घरचा.