तारा अजून लावलेल्या नाहीत

तात्या आज पहाटे गेले. आणि मला त्यांचा राग आलाय.

मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

एकदाच ऐकलं. त्याचं हे असं झालं.

तात्या म्हणजे लासुर्ण्याचे, गिटार बनवणारे. उभी हयात मुंबईच्या एका वर्कशॉपमध्ये काढली, मग गावी परत येऊन मुलाच्या ट्रॅक्टर शेडमध्ये रंधे-पटाशा मांडून बसले.

मला फ्लॅमेंको गिटार हवी होती. स्पेनकडची, अंगाने हलकी. वाजवता वाजवता तिच्या लाकडावर बोटांनी थाप मारतात.

मी ऑर्डर द्यायला गेले होते.

"करून न्हाय देणार. हात थरथरत्यात माझं. तू कर, मी सांगतो."

मी फिजिओथेरपिस्ट. जन्मात कधी रंधा धरलेला नाही.

तरी दर रविवारी स्कूटर काढायची. बारामती, काटेवाडी, पुढे लासुर्णे. घरच्यांनी बोलणंच सोडून दिलं होतं.

बाजूची पहिली पट्टी मी मोडली. गरम पाइपवर धरून ती हळूहळू वाकवायची असते. मी जोर लावला. काडकन.

तात्यांनी तुकडे बघितले, माझ्याकडे बघितलं.

"पेशंटचा गुडघा बी असाच वाकवतीस का गं?"

मग स्वतः चहा टाकला. लाकूड मऊ व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी पाइपपाशी उभी राहायला शिकले. माझ्यासाठी ते गिटार शिकण्यापेक्षा अवघड होतं.

वरची फळी तासताना माझी पार तंतरली होती.

"तात्या, पापड झाला हिचा!"

"पापडच पायजे. अजून जरा काढ."

शेवटचं लाखेचं पॉलिश झालं, तोवर तात्यांनी अंथरूण धरलं होतं.

मी गिटार त्यांच्या खाटेपाशी घेऊन गेले. पर्समध्ये तारांचं पाकीट होतं. एवढ्यासाठीच गेले होते. त्यांना ऐकवायची होती.

त्यांनी गिटार नाकाशी धरली.

"वास येतोय अजून. पॉलिश वलं हाय. आता थाप मारलीस तर बोटं उमटत्याल."

"उमटू देत की. तुम्ही एकदा ऐका तरी."

"वास गेला की लाव. तवर हात लावायचा न्हाय."

"आणि तुम्ही?"

तात्यांनी फळीवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक केलं, कान जवळ नेला.

"ही काय, ऐकली की."

माझी समजूत काढत होते, हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी पाकीट उघडलं नाही. त्यांचं ऐकलं.

आज सगळं आटोपून घरी आले आणि ते पाकीट फोडलं. म्हटलं, आता अडवणारं कोण आहे? लावते सगळ्या तारा, उमटू देत बोटं.

गिटार मांडीवर घेतली. सवयीने आधी नाकाशी नेली.

वास येतोय अजून.

खूप रडले. मग तारा होत्या तशा पाकिटात ठेवल्या.

थांबते, तात्या. वास गेला की तारा लावून तुमच्या शेडमध्ये घेऊन येईन. पहिली थाप तिथंच.

या आता. सावकाश जा.