एक फुलसिंग, दोन गावं

सरिता चिडली की तिचा आवाज बारीक होतो. बाकीची माणसं चिडली की ओरडतात. ही इतकी हळू बोलायला लागते की समोरच्याला मान पुढे काढावी लागते. वाशीममधल्या आमच्या ऑफिसात डोकं जाग्यावर ठेवून काम करणारं माणूस कोण, असं मला विचाराल तर मी हिचंच नाव घेईन. त्यानंतर माझं.

मी उज्ज्वला. घरचा भाजीपाल्याचा मळा आहे, पण मी ऑफिसात सामानाचं स्टोअर सांभाळते. दिनेशभाऊ आमचे मालक, गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या कामांचे ठेकेदार. सरिता आसेगावची, चंपाबाईंची धाकटी लेक. इथे आली ती बिलं टाइप करायला. दाराजवळचं टेबल तिचं. तिथून तिला येणारा-जाणारा प्रत्येक सुपरवायझर दिसायचा, आणि प्रत्येकाची थाप ऐकू यायची. पाइप आले नाहीत म्हणून काम थांबलं, असं तो मालकांना सांगायचा आणि ते पाइप माझ्या स्टोअरात धूळ खात पडलेले असायचे. मी संतापून आकाशपाताळ एक करायची. सरितानं मात्र काय केलं, तर संध्याकाळचा क्लास लावला आणि कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर शिकून आली.

मग तिनं मालकांचं डोकं खायला सुरुवात केली. तीन ठिकाणी कामं चालतात, तिघांची तीन वेळापत्रकं, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. मला ती एकत्र बांधू द्या, एवढंच तिचं म्हणणं. दिनेशभाऊंनी शेवटी कंटाळून हो म्हटलं, पण एकाच कामापुरतं. ते काम वेळेत उतरलं तर ती प्लॅनर, नाहीतर परत बिलांवर. शब्द पक्का. आणि तो विसरला जाऊ नये म्हणून दाराजवळचं टेबल त्यांनी तसंच ठेवलं, कॉम्प्युटरवर कव्हर घालून. रोज आत येताना तिला ते दिसायचं. मला त्या कव्हराचा असा राग यायचा की काय सांगू. सरिताचा पेनस्टँडही तिथेच राहिला होता. मी म्हटलं, उचलून आण की. ती म्हणाली, राहू दे, कुठे जायचंय त्याला. तिलाही मनातून भीती होती, दुसरं काय.

काम होतं टेकडीवरच्या टाकीचं. टाकीपासून एकच लाइन खाली उतरते, वाटेत तांडा घेते आणि पुढे आसेगावला जाते. तांड्याचं काम धनसिंगकडे, आसेगावचं विनोदकडे, दोघंही आमचे सुपरवायझर, आणि टाकीचं खुद्द मालकांकडे. सरितानं तिघांच्या तीन फाइली तशाच ठेवल्या आणि त्यांच्यावर एक मोठी फाइल केली. तिच्या पोटात या तिन्ही. तांड्याची लाइन पास झाल्याशिवाय आसेगावला पाणी सोडता येत नाही, तर ती दोन कामं तिनं एकमेकांना बांधून टाकली. धनसिंगनं आपल्या फाइलीत काम दोन दिवस पुढे ढकललं की तिकडे विनोदच्या फाइलीतल्या तारखा आपोआप सरकायच्या. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्टोअरला कुलूप घालायचं विसरले. आमच्या मळ्यात वाफ्यांना पाणी देतात ना, तसंच आहे हे. वरच्या वाफ्यावर पाणी रेंगाळलं की खालचा वाट पाहतो. फरक इतकाच की इथे कोण किती वाट पाहणार ते आधीच दिसतं.

पाण्याची चाचणी ठरली होती भीमजयंतीच्या आदल्या दिवशी. चंपाबाईंनी सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं की यंदा जयंतीची खीर आपल्या नळाच्या पाण्यावर होणार, माझ्या सरिताचंच काम आहे ते. मोठी फाइल उघडली की सगळं वेळेत दिसायचं. मालक खूष होते. सरिता खूष नव्हती.

तिला खटकत होतं ते असं. कामं एकमेकांना जोडली, पण माणसं प्रत्येक फाइलीत वेगवेगळी राहिली होती. म्हणून मार्चअखेरीला तिनं तिन्ही फाइलींना माणसांची एकच यादी लावली आणि बटण दाबलं. मी तिच्या खांद्यावरून पाहत होते. चाचणीची तारीख टुणकन उडाली आणि जयंतीच्या कितीतरी पुढे जाऊन पडली. फुलसिंगच्या नावापुढे लाल माणसाची खूण उभी राहिली, म्हणजे या माणसावर झेपेल त्याहून जास्त काम आहे.

फुलसिंग म्हणजे प्लॅस्टिकचे मोठे पाइप तापवून एकमेकांना जोडणारा कारागीर. तसा हात दुसऱ्याचा नाही. तो धनसिंगच्या फाइलीत होता आणि विनोदच्याही फाइलीत होता, त्याच आठवड्यात. फाइली वेगळ्या होत्या तोवर सॉफ्टवेअर समजत होतं की हे दोन फुलसिंग आहेत. यादी एक झाल्यावर त्याला कळलं की माणूस एकच. त्यातही गंमत पाहा. धनसिंगनं आपल्या फाइलीत रामनवमीची सुट्टी टाकली होती, कारण त्याच्या तांड्यावरची सगळी माणसं तेव्हा पोहरादेवीच्या यात्रेला जातात. विनोदनं टाकली होती जयंतीची. ज्यानं त्यानं आपापलाच सण धरलेला. म्हणजे विनोदच्या हिशेबानं फुलसिंग रामनवमीला आसेगावात पाइप जोडत बसणार होता. तांड्यावरचा माणूस, रामनवमीला!

सरितानं फुलसिंगला बोलावून घेतलं. तो आला, खुर्चीच्या कडेवर बसला. बायकोचा भाऊ धनसिंग, त्याला नाही म्हणता येत नव्हतं. विनोद शाळेतला सोबती, त्यालाही म्हणता येत नव्हतं. म्हणून दोघांनाही हो म्हणून मोकळा झाला होता, पुढचं पुढे पाहू म्हणून. "दोनीकडं जाईन म्हटलं होतं, बाई," तो म्हणाला, "कसा जाईन ते नवतं ठरवलं." मला हसू आवरेना. सरिताचा आवाज मात्र बारीक झाला होता.

दिनेशभाऊ तर उखडलेच. काल सगळं वेळेत होतं आणि आज एका बटणानं महिना बिघडतो, तर दोष बटणाचाच, असं त्यांचं मत. धनसिंग आणि विनोद एरवी एकमेकांकडे बघत नाहीत, पण त्या दिवशी दोघांचं एकमत झालं की फाइली वेगळ्या होत्या तेच बरं होतं. मालकांनी दाराजवळच्या टेबलाकडे एकदा पाहिलं. सरितानंही तिकडे पाहिलं.

मग ती जी बसली ती बसलीच. फुलसिंगची रामनवमी मोकळी ठेवली. त्याला आधी आसेगावला पाठवून पाहिलं, मग आधी तांड्यावर. आधी आसेगाव केलं तर तांड्याचं जोडकाम उशिरा सुरू होत होतं आणि मग तिथल्या लाइनीची दाब देऊन तपासणी चालू असताना फुलसिंग नुसता बसून राहत होता. जयंती हातची जात होती. आधी तांडा केला तर तीच तपासणी चालू असताना तो आसेगावात जोडत राहणार होता आणि सगळं अगदी काठोकाठ, पण तारखेत बसत होतं. मी टाळीच वाजवली. सरिता हसली नाही. म्हणाली, "ताई, माहं गाव शेवटी पडते. कुठी एक सांधा गळला, का जयंती कोरडी."

खरं होतं ते. आपलं गाव आधी घेतलं असतं तर कोणी तिला विचारणार नव्हतं. गावात पाइप लवकर दिसले असते, चंपाबाईंची मान वर राहिली असती, आणि उशिराचं खापर तांड्यावर फुटलं असतं. तिनं तांडा आधी ठेवला. विनोदची कटकट तिनं ऐकून घेतली आणि तारखा हलवल्या नाहीत. चंपाबाईंचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. पोटच्या पोरीनं आपलंच गाव मागं टाकलं, आता वस्तीत तोंड कसं दाखवू, असं बरंच काही. सरितानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तुह्यासाठी आधी केलं असतं तं पानीच नसतं आलं."

पुढचे दिवस आमचं ऑफिस ऑफिस राहिलंच नाही. तांड्यावर सांधा झाला की धनसिंगचा फोन, सरितानं तो फाइलीत टाकला की आसेगावच्या तारखा जागच्या जागी. मी सामान आदल्या दिवशीच जीपमध्ये भरून ठेवायची, कारण उद्या काय लागणार ते मला पहिल्यांदाच माहीत असायचं. इतकी वर्षं मी लोकांच्या धावपळीमागून धावले, आता मी त्यांच्या पुढे उभी. फुलसिंग पोहरादेवीला जाऊन आला, प्रसाद घेऊन आला, आणि ठरलेल्या दिवशी आसेगावात हजर झाला. विनोदनंही प्रसाद खाल्ला. दिनेशभाऊ दिवसातून चारदा सरिताच्या मागे येऊन उभे राहायचे आणि फाइलीवर नजर टाकून जायचे.

चाचणीच्या दिवशी मला राहवेना. सरिता ऑफिसात मोठी फाइल उघडून बसली आणि मी जीपमध्ये बसून आसेगावला गेले. चंपाबाईंच्या दारातल्या नळाजवळ बायका हंडे घेऊन जमल्या होत्या. चंपाबाई कडेला बसल्या होत्या, रुसलेल्या. टेकडीवरून व्हॉल्व्ह उघडल्याचा फोन आला. मग धनसिंगचा, तांड्यावर पाणी आल्याचा. मला नुसतं बसवेना. मी नळासमोर उभी राहिले, बसले, परत उभी राहिले. नळ फुसफुसला. नुसती हवा. एक बाई म्हणाली, आलं वाटते. दुसरी म्हणाली, कायचं आलं. नळ खोकला, लाल पाणी थुंकला, थांबला. सरिताचा फोन माझ्या कानाला, आणि तिचा आवाज इतका बारीक की मला काही ऐकू येईना.

मग धार लागली. आधी गढूळ, मग पांढरी, मग स्वच्छ, आणि इतकी जोरात की पहिला हंडा आडवा झाला. बायका ओरडल्या, मीही ओरडले. चंपाबाई उठल्या, माझ्या हातातला फोन त्यांनी काढून घेतला आणि सरळ धारेजवळ नेला. पाणी अंगावर उडत होतं. "सरे," त्या म्हणाल्या, "आयक." आणि बराच वेळ त्यांनी फोन तसाच धरून ठेवला. मी फोन परत घेऊन कानाला लावला तेव्हा सरिता रडत होती. मी फोन पदरानं पुसला.

दुसऱ्या दिवशी खीर त्याच पाण्याची झाली. फुलसिंगही खायला आला होता. येण्याआधी त्यानं सरिताला फोन करून विचारलं म्हणे, की आज आपण फाइलीत कुठी नाई ना.

सुट्टीनंतर आम्ही दोघी ऑफिसात सोबतच शिरलो. दाराजवळच्या टेबलावरचं कव्हर नव्हतं. तिथे रुखमाबाई नावाची एक नवीन बाई बसून बिलं टाइप करत होती, सरिताचा पेनस्टँड एका बाजूला सरकवून. सरिता जागीच थांबली. आतून दिनेशभाऊंनी मान वर न करता म्हटलं, "पाहून काय राह्यल्या? तुमाले आता कायले लागते ते टेबल? या इकडं, रिसोडकडचं काम आलं, पाच गावं हायत."

सरितानं रुखमाबाईंना नमस्कार केला, आपला पेनस्टँड मागून घेतला आणि आत गेली. मी स्टोअरकडे पळाले, पाच गावांना पाइप किती लागतील ते पाहायला.