हात सैल पडतो तेव्हा

बारावी सायन्स पास झाले आणि दोन वर्षं आईसोबत बाजारात बांगड्या भरत बसले. बेल्ह्याच्या बैलबाजारात बाप्ये बैलांकडं वळायचे आणि बायका आमच्याकडं. शिकून पुन्हा बांगड्यांच्या पेटीशीच, असं मला रोज वाटायचं.

काचेची बांगडी चढवायची तर समोरचीचा अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटं जवळ आणायची आणि पेरांवरून बांगडी हळूहळू फिरवत न्यायची. दुखायची घडी आली की आई हमखास माहेरचं काहीतरी विचारायची. बाई बोलायला लागली की हात सैल पडायचा. बघून बघून मीही तसंच करू लागले.

एका पावसाळ्यात आईचा ताप उतरेना म्हणून तिला घोडेगावला एका लहान दवाखान्यात नेलं. रक्त तपासायचं होतं. आमच्या आधी वर डोंगरातल्या आहुप्याची एक म्हातारी बसली होती. तिनं मूठ अशी आवळलेली, की लॅबमधल्या बाईंना शीर सापडत नव्हती. सुई दिसली की म्हातारी हात मागं ओढायची.

मी उठले आणि नकळत तिचा हात हातात घेतला.

"आजी, तुमच्या देवराईत म्हणं लई जुनी झाडं हायेत?"

"हायेत ना. माझ्या आजीच्या आदीपासनं हायेत. तिथं कुनी कुऱ्हाड लावीत न्हाई."

ती झाडांचं सांगत राहिली. माझी बोटं तिच्या अंगठ्याच्या मुळाशी दाबत होती. मूठ उघडली, दंड सैल पडला. बाईंनी रक्त घेतलं, कापूस लावला, तरी म्हातारी बोलतच होती.

"झालं व्हय?" तिनं विचारलं.

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. "नर्सिंग केलंयस का?"

"नाही. आम्ही बांगड्या भरतो."

"शिकलीस किती?"

"बारावी. सायन्स."

"मग लॅबचा कोर्स कर. सुईचं तिथं शिकवतील. हे तुला येतंच आहे."

परतताना जीपमध्ये मी माझे हात मांडीवर ठेवून बघत होते. रोजचेच हात, काचेनं कापलेल्या जुन्या खुणांचे. यांना काही येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नव्हतं.

पुण्याला मामाकडं राहून कोर्स केला. मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा रक्ताचा थेंब पाहिला, त्या दिवशी मला डोळा काढवेना. गुलाबी, गोल, एकमेकांना खेटून निघालेल्या असंख्य चकत्या. इतके हात मी हातात घेतले होते, त्या प्रत्येकात हे चाललेलं होतं.

पुढं मंचरला नोकरी लागली. घाबरलेलं लेकरू आलं की मलाच बोलावतात. मलाही ते आवडतं.

एकदा आई तपासणीला आली. तिचं रक्त मीच घेतलं आणि काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली तिला दाखवलं. ती एक डोळा मिटून कितीतरी वेळ वाकून राहिली.

"हे माझ्यात व्हतं?" ती हळूच म्हणाली.

"आत्ताही आहे."

तिनं स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि पुन्हा डोळा लावला. बाहेर पेशंट थांबले होते. मी तिला उठवलं नाही.