बिननंबराची चिंच

पालघर-बोईसर रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा झाडांवर नंबर घालणारा एक माणूस आमच्या दारापर्यंत आला. पन्नाशीचा, सडपातळ. एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्यात झिजलेला ब्रश. रंग लावण्याआधी तो खोडावरची धूळ पंच्याने पुसायचा, आणि तिथे मुंग्यांची रांग असली तर ती सरेपर्यंत थांबायचा.

आमच्या कुंपणाबाहेर आजोबांच्याही आधीची चिंच होती. तो ती पुसायला लागला, तसा मी पुढे झालो. "दादा, एवढी सोडा. नंबरच नसला तर कापतील कशाला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "उलटं हाय, साहेब. नंबरवाल्याचा कागद तरी ऱ्हातो. बिननंबराचं झाड कापलं, तर ते होतं असंपण कोण बोलणार नाय."

मी ऐकलं नाही. हात जोडले. शेवटी त्याने डब्याचं झाकण लावलं, आमच्याकडचं पाणी प्यायला आणि पुढच्या शिरीषाच्या झाडाकडे गेला.

पंधरवड्याने कामावरून परतलो, तर दोन्ही झाडं आडवी पडली होती. दुसऱ्या दिवशी मी तक्रारीचा अर्ज घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी झाडांच्या यादीवरून दोनदा बोट फिरवलं. शिरीष सापडला.

"तुम्ही म्हणता तिथे चिंच नव्हतीच," त्या म्हणाल्या. "झाडाचा नंबर सांगा, पुन्हा बघते."

 तो नंबर पडू नये म्हणून मीच हात जोडले होते.