समुद्रात टिकणारी बिस्किटं

शनिवारी सकाळी मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या घरून अजमानला निघाले, कारण घरी बसवत नव्हतं. माझा नवरा नीलेश मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे. त्यांच्या मार्गावरच्या एका जहाजावर ड्रोन पडल्याची बातमी आली आणि तेव्हापासून त्याच्याशी संपर्क नव्हता. कंपनीवाले म्हणत होते, कळलं की सांगू.

लेकीच्या, ईराच्या, जुन्या पियानो टीचर मार्था बरेच दिवस अजमानला त्यांच्या घरी बोलवत होत्या. त्या ऑस्ट्रेलियाच्या, सत्तरीच्या. पहिल्या महायुद्धापासून त्यांच्या घरी होणारी ओट्सची बिस्किटं त्या मला शिकवणार होत्या.

तुम्ही जाणार असाल तर सुट्टीच्या दिवशी लवकर निघा, वाटेतल्या शारजाचा ट्रॅफिक जॅम टळतो. वाटेत सुपरमार्केटमधून गोल्डन सिरप, म्हणजे साखरेचा काकवीसारखा दाट पाक, घ्या. वीस दिरहम, म्हणजे जवळपास पाचशे रुपये. मला मात्र दाट धुकं लागलं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते.

"आई, इज बाबा ओके?" ईराने मागून विचारलं.

मी इन्शाल्ला म्हणाले आणि स्टिअरिंग घट्ट धरलं.

पोचल्यावर मार्थांनी ओट्स, मैदा, साखर, खोबऱ्याचा कीस एकत्र केला. मी लोणी आणि सिरप वितळवलं. गरम पाण्यातला सोडा त्यात पडताच सगळं फसफसून वर आलं. अंडं का नाही, असं मी विचारलं.

"जहाजाने जायची होती ना. कित्येक आठवडे समुद्रात. अंड्याने टिकली नसती. माझी आजी युद्धावर गेलेल्या आजोबांना पाठवायची."

विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "आजोबा परत आले?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी खोटं नाही बोलणार." आणि माझा हात धरून ठेवला.

ट्रे ओव्हनमध्ये असतानाच अनोळखी नंबरवरून फोन आला. माझ्याने उचलवेना. ईराने उचलला आणि ती रडायलाच लागली. त्या क्षणी माझं सगळं संपलं होतं. मग तिच्या तोंडून "बाबा" ऐकू आलं. जहाज दुसऱ्या बंदराकडे वळवलं होतं. सगळे सुखरूप होते. या गडबडीत ट्रे करपला. दुसरा घाणा बारा मिनिटांत काढला. बाहेर काढल्यावर मऊ लागतात, घाबरू नका. गार झाली की कडक होतात.

पुढे नीलेश सुट्टीवर येऊन गेला. तो जायच्या आदल्या दिवशी मी त्याच्यासोबत द्यायला या बिस्किटांचा मोठा डबा भरला. किती दिवस पुरतील, ईराने विचारलं. बाबा परत येईपर्यंत, असं मी सांगितलं आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.